तळहात दाखवा बघू : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना जिम्नॅस्टिक्सच्या बारवर, म्हणजे कसरतीच्या आडव्या दांड्यावर, साल निघालेल्या हातांबद्दल मी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली, की हा महिना फक्त तळहातांसाठी ठेवते आहे. मी 28 वर्षं मुलामुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवते आणि त्याआधी स्वतः बारवर होते. डॉक्टर नाही. त्यामुळे डॉक्टरांकडे जायचं कधी, तेही त्या त्या ठिकाणी लिहिलं आहे. माझ्या वर्गात सराव सुरू होण्याआधी सगळी मुलं रांगेत उभी राहून हात पुढे करतात आणि मी एकेक तळहात बघत जाते. या पत्रांकडेही तशीच बघते आहे.

माझी दहा वर्षांची मुलगी चार वर्षं जिम्नॅस्टिक्स करते. परवा अनइव्हन बारवर (एक उंच, एक बुटका अशा दोन दांड्यांवर) तिच्या दोन्ही तळहातांची साल निघाली. आजीनं लगेच हळद भरली. तिचे सर म्हणतात, "जिम्नॅस्टचे हात फाटणारच, उद्या टेप लावून या." नऊ दिवसांवर जिल्हास्तरीय स्पर्धा आहे. पाठवू की नको?
— एक आई, नाशिक

सरावाला पाठवा, बारवर पाठवू नका.

आधी हळदीचं बघू. नातीच्या हाताकडे बघून आजींचा जीव कळवळला, त्यांना काही बोलू नका. पण ती हळद आता काढायला हवी. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तिची पूड ओल्या जखमेत गच्च बसते, खपली तिच्यासकट धरते, आणि पिवळ्या रंगाखाली कातडी लाल होते आहे का तेच दिसत नाही. मला तर तो रंग रोज बघायचा असतो.

एका पातेल्यात कोमट पाणी घेऊन मुलीला दहा मिनिटं हात बुडवून बसू दे. हळद सुटत येईल. मग नळाच्या बारीक धारेखाली साध्या अंगाच्या साबणानं हात धुवा. जखमेवर थेट वडी घासू नका, तुमच्या हातावर फेस काढून तो लावा. झोंबेल. पहिलं अर्धं मिनिट फार झोंबतं, हे तिला आधीच सांगून ठेवा. न सांगता धुतलं तर पुढच्या वेळी ती हात लपवेल. बोटांच्या पेरांत आणि सालीच्या कडेखाली पकडीसाठी हाताला लावतात ती मॅग्नेशियमची पांढरी पूड अडकलेली असते, ती निघेपर्यंत धुवायचं. रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजची घडी ठेवून पाच-दहा मिनिटं दाबून धरा आणि मधेमधे उचलून बघू नका. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काहीही ओतायचं नाही. जंतूंबरोबर त्यानं नव्यानं धरू पाहणारी कातडीही जळते.

आता लोंबणारी साल. ती ओढून काढायची नाही, कारण ओढली की चांगल्या कातडीपर्यंत चिरत जाते आणि चार दिवसांची जखम दहा दिवसांची होते. साल पातळ, स्वच्छ आणि जखमेवर नीट बसत असेल तर एक-दोन दिवस तशीच पसरून ठेवा, तिच्याइतकं चांगलं झाकण दुसरं नाही. जाड, पांढरी, मळलेली आणि एका कडेला लोंबकळत असेल तर नखं कापायची छोटी कात्री उकळून घ्या आणि फक्त मेलेला भाग कापा. त्याला दुखत नाही. कापताना मुलगी ओरडली तर तुम्ही जिवंत कातडीवर आला आहात, तिथेच थांबा. तुमचा हात थरथरत असेल तर हे काम फॅमिली डॉक्टरांना करू द्या.

मग व्हॅसलिनचा पातळ थर, त्यावर न चिकटणारी पट्टी, आणि पट्टी जागेवर राहावी म्हणून तळव्याभोवती कापडी चिकटपट्टीचा एक वेढा. औषधांच्या दुकानात पॅराफिन लावलेलं जाळीदार कापड मिळतं, ते सगळ्यांत बरं. पट्टी दिवसातून एकदा बदला, शिवाय भिजली की बदला. रात्री सुती मोज्याला अंगठ्यापुरतं भोक पाडून तो हातात चढवा. झोपेत पट्टी सरकत नाही आणि चादरीला व्हॅसलिन लागत नाही.

दोन-तीन दिवसांत गुलाबी, चमकदार पापुद्रा धरेल. इथेच बहुतेक घरांत चूक होते. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं वाटतं, पट्टी सुटते, कातडी कोरडी पडते आणि नेमक्या त्याच रेघेवर पुन्हा तडकते. पापुद्रा धरल्यावरही आठवडाभर रोज रात्री क्रीम किंवा व्हॅसलिन लावत राहा.

सरावाला गेल्यावर पोटाचे, पायांचे व्यायाम, स्प्लिट, उड्या, बीमवर, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीवर, नुसतं चालणं आणि वळणं, हे सगळं करता येईल. हँडस्टँड आणि कार्टव्हील नको, कारण त्यात सगळा भार तळव्यावरच येतो. बारवर परतायचं ते जखम ओली नसेल आणि अंगठ्यानं जोरात दाबल्यावर दुखत नसेल तेव्हा. वरवरची साल असेल तर याला साधारण आठवडा लागतो, म्हणजे नऊ दिवसांत जमूही शकेल. नाही जमलं तर बाकीच्या साधनांवर हाताला भार न येणारं तेवढंच करू दे. दहाव्या वर्षीची जिल्हा स्पर्धा अकराव्या वर्षीही असते.

सर म्हणतात त्यात निम्मं खरं आहे. जिम्नॅस्टचे हात कधी ना कधी फाटतात, माझ्याही हातांची साल किती वेळा निघाली ते मोजलेलं नाही. पण उघड्या जखमेवर टेप लावून झोके घ्यायला लावणं मला मान्य नाही. टेप घामानं सरकते, जखमेवर घासते, आणि दुखणारा हात मुलगी नकळत सैल सोडते. बारवरून सुटलेला हात ही सालीपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे. सरांशी बोला. भांडू नका, पण हे नक्की सांगा.

जखमेभोवतीची लाली पसरायला लागली, हात गरम लागला, ठणका वाढत गेला, पू आला, ताप आला किंवा मनगटाकडे वर जाणारी लाल रेघ दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि मुलगी दहा वर्षांची आहे म्हणून आठवण करते: सरकारी लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस असते. दहाव्या वर्षाची राहिली असेल तर तेवढ्यात घेऊन टाका.

मी 16 वर्षांचा आहे. हॉरिझॉन्टल बार करतो. दोन्ही हातांना चार-चार घट्टे आहेत. सीनियर मुलं ब्लेडनं कापतात. काही जण म्हणतात घट्टे ठेव, तेच हाताचं चिलखत. कोणाचं ऐकू?
— छत्रपती संभाजीनगर

दोघांचंही अर्धं ऐक. घट्टा लागतोच. कातडीवर रोज दाब पडला की ती वरचा थर जाड करत जाते, हे शरीराचं शहाणपण आहे. तो थर सपाट आहे तोवर तुझं रक्षण करतो. उंच झाला की तोच तुला फाडतो. बार मुठीत फिरतो तेव्हा घट्ट्याची कडक कड बार आणि बोटाचं हाड यांच्यामध्ये दुमडते. वरचा थर कोरडा असतो, ताणला जात नाही. खालची कातडी मऊ असते, ती सरकते. दोन्हींच्या मधे फट पडते, तिथे पाणी धरतं, आणि पुढच्या झोक्याला सगळी चकती उचकटून हातात येते. म्हणून साल बहुतेक वेळा मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशीच निघते.

आत्ता, हे वाचता वाचता करून बघ. एका हाताच्या अंगठ्याचं नख दुसऱ्या तळव्यावर मनगटाकडून बोटांकडे हलकेच फिरव. नख कुठे अडतं? घट्टा दोन नखांच्या चिमटीत पकडता येतो का? येत असेल तर तो उंच झाला आहे.

ब्लेड अजिबात नको. ब्लेडला घट्टा कुठे संपला ते कळत नाही, आणि कापलेली कड चौकोनी, धारदार राहते, ती तर आणखी लवकर अडकते. आपल्याकडे टाचा घासायची वज्री असते ना, तिचंच काम आहे हे. फार खरखरीत नको, बारीक दगडाची घे. ती फक्त तुझी असू दे, होस्टेलवर सगळ्यांत फिरवू नका. अंघोळीनंतर हात मऊ असतात तेव्हा घट्ट्याच्या माथ्यापेक्षा कडेवर जास्त लक्ष देऊन गोल गोल घास. आजूबाजूच्या कातडीशी समतल झाला की थांब. गुलाबी दिसेपर्यंत घासलंस तर चिलखतच काढून टाकलंस. आठवड्यातून दोनदा पुरे, आणि ते रात्री. सकाळी घासून संध्याकाळी बारवर जाऊ नकोस. घासल्यावर क्रीम चोळ. सरावाच्या आधी मात्र क्रीम नको, हात सुटेल.

आणखी एक गोष्ट, जी वज्रीनं सुटत नाही. तुझा बार 28 मिलिमीटर जाडीचा आहे, मुलींचा 40 मिलिमीटरचा. बारीक बार मुठीत खोल, तळव्याच्या घडीत जाऊन बसतो. धरतानाच कातडीची वळी बारखाली चिमटली असेल तर झोक्यात ती पिळली जाणारच. बार बोटांच्या मुळाशी धर. किप करताना, म्हणजे लोंबकळता लोंबकळता झोक्यानं बारच्या वर हातांवर येताना, मनगट वेळेवर वर फिरव. मूठ गच्च आवळून धरणाऱ्या मुलांचे हात आधी फाटतात, हे मी इतक्या वेळा बघितलं आहे, की एखाद्याची साल एकाच हाताची पुन्हा पुन्हा निघाली तर मी आधी त्याचा झोका बघते, औषध मग.

पाण्याचा फोड आला आणि तो फुटलेला नसेल तर त्याचं छत काढू नकोस. त्या दिवशीचा बार संपला असं समज.

मॅग्नेशियमऐवजी शाळेतल्या खडूची पूड चालेल का? मॅग्नेशियमची वडी महाग पडते.
— एक क्रीडाशिक्षक, बीड

नाही चालणार, सर. आपण त्याला चॉक म्हणतो, पण ते मॅग्नेशियम कार्बोनेट असतं. ते घाम शोषतं. फळ्याचा खडू वेगळ्या पदार्थाचा असतो, त्यानं हात उलट गुळगुळीत होऊन सुटायची भीती. खर्च वाचवायचा तर मुलांना कमी लावायला शिकवा. घाम कोरडा होण्यापुरतीच पूड लागते. जास्तीची पूड बारवर थरांनी बसते, घामानं तिची खरपुडी होते आणि ती कानशीसारखी हात खाते. रोज शेवटी ब्रशनं बार घासून घ्या. पॅरलल बारवर मोठी मुलं मध लावत असतील तर तोही ओल्या फडक्यानं त्याच दिवशी पुसायला लावा. आणि कोणाचं रक्त बारला लागलं तर ते पुसून, जंतुनाशकानं साफ केल्याशिवाय पुढच्या मुलाला चढवू नका.

माझ्या मुलीला (वय 9) ग्रिप (तळव्यावर बांधायच्या चामड्याच्या पट्ट्या) घ्याव्यात का? दुकानदार म्हणतो एक साइज मोठी घ्या, दोन वर्षं चालेल.
— एक वडील, ठाणे

मोठी अजिबात घेऊ नका. बूट एक नंबर मोठा घेतला तर फार तर टाच सरकते. ग्रिप मोठी झाली तर हाड मोडू शकतं, आणि हे घाबरवायला म्हणून लिहीत नाही. ग्रिपमध्ये बोटांच्या मुळाशी एक बारीक गोल दांडी शिवलेली असते, ती बारवर अडकून पकड देते. चामडं गरजेपेक्षा लांब असलं किंवा वापरून ताणलं गेलं, तर ते बारभोवती गुंडाळलं जाऊन स्वतःखालीच अडकतं. हात जागच्या जागी थांबतो आणि शरीर झोक्यात पुढे जातं. त्यात मनगटावरचं हाड मोडतं. मुलांच्या बारीक बारवर हा धोका जास्त, पण मुलींनी गाफील राहावं असं नाही.

नऊ वर्षांच्या मुलीला ग्रिप घ्यायची का, हे तिच्या वयावर नाही, ती बारवर काय करते यावर ठरतं. नुसतं लोंबकळणं, पुलओव्हर (पाय वर घेत बारभोवती उलटं वर येणं), लहान झोके असतील तर नको. बार हाताला कळू दे. किप पक्की झाली, मोठे झोके सुरू झाले, की तिच्या ताई किंवा सर सांगतील. तेव्हा मुलीला घेऊनच दुकानात जा. मुलींच्या ग्रिपला दोन भोकं असतात, मधल्या बोटासाठी आणि अनामिकेसाठी. मुलांच्या हॉरिझॉन्टल बारच्या ग्रिपला तीन असतात, आणि रिंग्जची ग्रिप पुन्हा वेगळी. दुकानात चुकून वेगळीच दिली, असं दर वर्षी एक तरी पालक मला दाखवायला आणतो. बोटं घातल्यावर दांडी बोटांच्या मधल्या सांध्याच्या खाली राहायला हवी आणि हात सरळ केल्यावर चामड्याला किंचित बाक असावा. बकल थेट कातडीवर नको, खाली सुती मनगटपट्टी हवीच, नाहीतर तळवा वाचला आणि मनगट सोललं असं होतं.

नव्या ग्रिप घालून पहिल्याच दिवशी पूर्ण सेट, म्हणजे कसरतींचा अख्खा ठरलेला क्रम, करू देऊ नका. दोन-तीन आठवडे थोडं थोडं. बोटांची भोकं ओघळली, चामड्यावर आडवी चीर दिसली किंवा दांडीखालची शिवण सुटली की ग्रिप बाद. माझ्या लहानपणी आमच्या गावात त्या मिळायच्या नाहीत, माझ्या वडिलांनी एका चांभाराकडून पायताणाच्या चामड्याच्या शिवून आणल्या होत्या. दांडी नव्हती, नुसती पट्टी. त्या मी फाटेपर्यंत वापरल्या आणि फाटल्यावरही वापरल्या. आज माझ्या वर्गात तशी ग्रिप दिसली तर मी ती कात्रीनं कापते, म्हणजे मोह राहत नाही.

ग्रिप नसताना कापडी चिकटपट्टीची तात्पुरती ग्रिप करता येते. मनगटापासून बोटाच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या दुप्पट पट्टी घ्यायची, मधोमध बोट जाईल एवढा फास ठेवून चिकट बाजू आत घालून दुमडायची, फास बोटात अडकवून पट्टी तळव्यावरून मनगटाशी आणायची आणि तिथे वेढे देऊन बांधायची. बोटं पूर्ण ताठ करता येत नसतील तर आखूड झाली, पुन्हा करा. हे कोवळ्या, नुकत्या बऱ्या झालेल्या कातडीसाठी. ओल्या जखमेसाठी नाही.

नातू मुंबईत जिम्नॅस्टिक्स शिकतो. सुट्टीत आला तेव्हा त्याच्या हातांना कोकमतेल लावलं. सूनबाई म्हणते जखम उघडी ठेवा, वारा लागला की वाळते. कोणाचं बरोबर?
— एक आजी, रत्नागिरी

आजी, अख्ख्या कातडीवर तुमचं कोकमतेल फार छान. भेगा पडलेल्या टाचांना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच लावतात, घट्ट्यांनाही ते मऊ ठेवतं. थोडं गरम करून, बोटावर घेऊन, झोपताना चोळा. खोबरेलही चालेल. फक्त उघड्या, ओल्या जखमेवर घरातल्या वाटीतलं, दहा बोटं लागलेलं काही नको. तिथे बंद ट्यूबमधलं व्हॅसलिनच.

वाऱ्याबद्दल मात्र सूनबाईंचं बरोबर नाही, जरी आपण सगळे तेच ऐकत वाढलो. 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकानं डुकरांच्या कातडीवर बारीक जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही झाकून ओलसर ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगानं धरली. कारण समजायला सोपं आहे. नव्या पेशी ओलाव्यातून सरकत पुढे जातात. वाळलेली कडक खपली असली की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. त्यात तळव्याची खपली रोज मूठ मिटताना तडकते. म्हणून झाकून, ओलसर, आणि रोज धुऊन. ओलसर म्हणजे पाण्यात भिजलेली नव्हे. पट्टी भिजून कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसली तर ती बदलायची.

एक विनंती. नातवाचे हात चोळायला बसता तेव्हा त्याला बोलतं करा. मुलं आईवडिलांना आणि सरांना सांगत नाहीत ते आजीला सांगतात.

आमच्याकडे दोरीचा मल्लखांब आहे. मुलींच्या तळहातांपेक्षा पायाचा अंगठा, मांडी, गुडघ्याची मागची बाजू सोलवटते. काय करावं?
— एक प्रशिक्षिका, सातारा

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण हात फाटायचं दुखणं फक्त बारचं नाही. पुरलेल्या मल्लखांबाला आपण एरंडेल लावतो, त्यामुळे कातडी घसरते पण सोलत नाही. दोरीला तेल चालत नाही. पूर्वी वेताचा मल्लखांब होता, चांगला वेत मिळेनासा झाला आणि सुती दोरी आली. पकड तीच राहिली. दोरी अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरायची आणि सगळा भार तिथे घ्यायचा. घसरत खाली आलं की ती जखम साल निघाल्यासारखी कमी आणि भाजल्यासारखी जास्त असते.

म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, बर्फ नको. दोरीचे तंतू जखमेत रुतलेले असतात, ते पाण्यानं सुटतात. राहिले तर उकळलेल्या चिमट्यानं एकेक काढा. मग साबण, व्हॅसलिन, पट्टी, तेच सगळं. बेचक्यातली पट्टी टिकत नाही, तिथे दोन बोटांमध्ये गॉजची पातळ घडी ठेवून दोन्ही बोटं एकत्र बांधा. गुडघ्यामागची जखम दर पावलाला ताणली जाते, तिला दुप्पट दिवस द्या.

टाळायचं तर दोरीकडे बघा. मुठीत दोरी धरून वरपासून खालपर्यंत हात फिरवा. कुठे तंतू उभे राहिले आहेत, कुठे पीळ सुटला आहे, कुठे घामानं कडक झाली आहे ते तळव्याला कळतं. नव्या मुलींना उतरताना घसरू देऊ नका, हात-पाय बदलत उतरायला लावा. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त जखमा चढताना नाही, दमून उतरताना झाल्या आहेत. शेवटची दहा मिनिटं दोरी बंद ठेवलीत तर फरक दिसेल.

ताई, मी 13 वर्षांची आहे. माझ्या उजव्या हाताची साल निघाली आहे, पण मी सरांना आणि आईला सांगितलं नाही. सांगितलं तर टीममधून काढतील. मी मूठ मिटून ठेवते. आता हात रात्री ठणकतो. नाव छापू नका.

नाव छापलेलं नाही. हा अंक तुझ्या हातात पडेपर्यंत दिवस जातील, म्हणून तुझ्या पत्त्यावर त्याच दिवशी पत्र टाकलं. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण मूठ मिटून बसलेल्या तुझ्यासारख्या आणखी मुली आहेत.

मीही मिटली होती. 1987 साली, राज्य स्पर्धेच्या आधी. मी 14 वर्षांची होते. माझ्या उजव्या अनामिकेखाली पाच रुपयांच्या नाण्याएवढी साल निघाली होती. आमचे प्रशिक्षक रडणाऱ्या मुलींना सगळ्यांसमोर बोलायचे, म्हणून मी रुमाल गुंडाळून चार दिवस झोके घेतले. पाचव्या दिवशी हात सुजला. सहाव्या दिवशी सकाळी मनगटापासून कोपराकडे जाणारी लाल रेघ आईला दिसली, मी दात घासत असताना, बाही वर गेली म्हणून. त्या दिवशी दवाखान्यात इंजेक्शन, मग दहा दिवस गोळ्या, आणि स्पर्धा गेली ती गेलीच. तीन आठवडे मला बारला हात लावता आला नाही. साल निघाली त्याच दिवशी सांगितलं असतं तर एका आठवड्यात परत आले असते. त्या जागी अजून एक पांढरट रेघ आहे. थंडीत ती कोरडी पडते, तेव्हा मी तिला क्रीम लावते.

तुझा हात रात्री ठणकतो म्हणतेस. नुसत्या सालीला पहिले दोन दिवस आग होते, मग ती कमी होत जाते. दिवस जातील तसा ठणका वाढत असेल तर आत जंतू धरले असण्याची शक्यता आहे, आणि ते डॉक्टरांनी बघायलाच हवं. आज. आईला तोंडानं सांगणं जड जात असेल तर बोलू नकोस, जेवायला बसशील तेव्हा नुसता हात उघडून ताटाशेजारी ठेव.

सरांना उद्या सांग. सोबत आई असू दे. "मला बार करायचा नाही" असं म्हणायचं नाही, कारण ते खरं नाही. "हात बरा होईपर्यंत मी बाकीचं सगळं करते" असं म्हण आणि काय काय करणार ते कागदावर लिहून ने: पाय आणि पोटाचे व्यायाम, स्प्लिट, धाव, बीमवरच्या उड्या आणि वळणं, फ्लोअरच्या सेटमधला हात न टेकवता होणारा नाचाचा भाग. बारचा सेट डोळे मिटून मनातल्या मनात रोज पाच वेळा कर, कुठे श्वास घेतेस तेही आठवून. हे मी माझ्या मुलींकडून करून घेते आणि परत आल्यावर त्यांचा सेट हरवलेला नसतो.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला कळव. पाकिटावर माझं नाव लिहिलंस की कचेरीतून पत्र न उघडता माझ्याकडे येतं.